आई-बाबा, मी सायबरला प्रवेश घेतला आहे

राजारामपुरी, कोल्हापूर

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलणे होत असताना हे पत्र कशासाठी, असा प्रश्न आईला पाकीट उघडण्यापूर्वीच पडेल. जे सांगायचे आहे ते फोनवर सुरू केले, तर दुसऱ्याच वाक्याला आईचा आवाज बदलेल, मग माझाही बदलेल आणि आपण नेहमीप्रमाणे सईच्या अभ्यासाकडे वळू. म्हणून लिहिते आहे. बाबा, तुम्ही आधी एकदा मनात वाचा आणि मग आईला मोठ्याने वाचून दाखवा. मात्र मधली एकही ओळ गाळू नका.

मी पतसंस्थेतल्या नोकरीचा राजीनामा दिला आहे आणि सायबर महाविद्यालयात एम. एस. डब्ल्यू.च्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. शुल्काचा पहिला हप्ताही भरून झाला. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि तो पूर्ण करून मला व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात, विशेषतः बायकांसाठी, समुपदेशक म्हणून काम करायचे आहे. तुम्हाला आधी विचारले नाही, हे खरे आहे. विचारले असते तर तुम्ही नाही म्हणाला नसता. पण दोघांनीही रात्री जागून काढल्या असत्या आणि तुमची ती जागरणे पाहून मीच मागे फिरले असते.

पैशांची काळजी अजिबात करू नका. महेशच्या पगारात घर नीट चालते, सईच्या शाळेची फी आम्ही वेगळी काढून ठेवली आहे आणि माझ्या भविष्य निर्वाह निधीतून दोन्ही वर्षांचा खर्च निघून थोडी रक्कम हाताशी उरते. बाबा, तुमची मुदत ठेव मोडायची नाही. आई, तुझ्या पाटल्या या वेळी कपाटातच राहतील, त्यांचा विषयही काढायचा नाही. राजारामपुरीतून सायबर चौक जवळ आहे, त्यामुळे सई शाळेतून येण्याच्या वेळेला बहुतेक दिवस मी घरी असेन, आणि ज्या दिवशी नसेन त्या दिवशी सासूबाई आहेत. हे सगळे महेशने आणि मी वहीत मांडून पाहिले आहे. वर्गात मी सगळ्यांत मोठी असेन, हे मला ठाऊक आहे. चाळिशीच्या बाईने पोरीसोरींबरोबर बाकावर बसू नये, असा काही नियम नाही.

आईचे म्हणणे मला न बोलताच ऐकू येते. पोरी, तू बरी झालीस, संसाराला लागलीस, अंबाबाईने ऐकले, आता त्या वाटेचे नावही काढू नकोस. आई, तुझ्या जागी मी असते तर सईला हेच सांगितले असते. पण मला कोणी उभे केले, ते तू पुण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात भेटायला आलीस तेव्हा डोळ्यांनी पाहिले आहेस. डॉक्टरांनी औषधे दिली, ती मोजूनमापून कमी करत नेली, आणि त्यावाचून काहीच झाले नसते. परंतु पहिल्या आठवड्यात हात इतके थरथरत होते की चहाचा कप धरता येत नव्हता, तेव्हा ज्या ताई माझ्याजवळ बसून राहत, त्या काही वर्षांपूर्वी तिथल्याच एका पलंगावर होत्या. यातून माणूस बाहेर येतो, हे मला त्यांच्याकडे पाहून पटले. तोपर्यंत कोणाच्या सांगण्याने पटले नव्हते.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तिथे व्यसनातून सुटलेली माणसेच पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक होत गेली. त्याच्याही कितीतरी आधी, १९३५ साली, अमेरिकेत दारूपासून सुटू पाहणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांना सांभाळत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची सुरुवात केली, आणि आज मी दर आठवड्याला ज्या सभेला जाते ती त्यांच्याच बारा पायऱ्यांच्या धर्तीवर चालते. त्यातली शेवटची पायरी आपल्याला जे मिळाले ते दुसऱ्या अडकलेल्या माणसापर्यंत नेण्याची आहे.

मग शिकायला कशाला हवे, असे बाबा विचारतील. तू भोगले आहेस, तसेच जाऊन बोल. बाबा, भोगलेले एकट्या माझे आहे. माझी सवय झोपेच्या गोळ्यांची होती. समोर बसलेली बाई दारूत, मिसरीत किंवा खोकल्याच्या औषधात अडकलेली असेल, तिचा नवरा तिला मारत असेल, तिचे मूल सांभाळायला तुमच्यासारखे आजी-आजोबा नसतील. माझी गोष्ट ऐकून तिला धीर येईल, पण तिच्या घरच्यांना बोलते कसे करायचे, कायदा तिला काय देतो, आणि कोणत्या क्षणी आपले बोलणे थांबवून तिला तातडीने डॉक्टरांकडे पाठवायचे, हे रीतसर शिकावे लागते. काळभैरवाच्या यात्रेच्या वेळी घरात जे झाले, ते गोळ्या एकदम बंद झाल्यामुळे झाले. महिनोन्‌महिने घेतलेल्या या गोळ्या अचानक थांबवल्या तर आकडी येऊ शकते, हे आपल्या घरात कोणालाच माहीत नव्हते, आणि आम्हाला ते सांगणारेही कोणी नव्हते. बाबा, तुम्ही ती पाकिटे माझ्या जिवाच्या काळजीने टाकून दिलीत. त्याबद्दल तुम्ही स्वतःला बोल लावत राहता, ते आता पुरे करा. त्या रात्री तुम्हीच मला उचलून रिक्षात घातलेत, हे मला आठवते.

मला बायकांसाठीच काम का करायचे आहे, तेही सांगते. केंद्र सरकारसाठी एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यात दारू पिणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत २७.३ टक्के आणि स्त्रियांत १.६ टक्के असे दिले आहे, त्यामुळे उपचारांची बहुतेक व्यवस्था पुरुषांसाठी उभी राहिली, हे मी समजू शकते. पण त्याच अहवालात, गुंगी आणणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेणारे सुमारे १.१८ कोटी लोक आहेत, असेही म्हटले आहे. या गोळ्यांना वास नसतो. त्या देवघराशेजारच्या कपाटात, रक्तदाबाच्या आणि पित्ताच्या गोळ्यांच्या मधोमध राहतात. घरातली बाई लवकर झोपते, थोडे विसरते, चिडचिड करते, एवढेच बाकीच्यांना दिसते. सई झाल्यानंतर झोप उडाली तेव्हा थोड्या दिवसांपुरती लिहून दिलेली अल्प्राझोलामची ती अर्धी गोळी पुढे किती वाढली, हे एका घरात राहून महेशलासुद्धा कळले नाही. २०१४ पासून ही गोळी एच-१ यादीत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता न येणाऱ्या औषधांत, आहे, दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव स्वतंत्र वहीत लिहून ठेवायचे असते; तरीही जुन्या चिठ्ठीवर मला ती मिळत गेली. आपल्या जिल्ह्यात अशा किती जणी असतील आणि त्यांतल्या कितीजणी ‘व्यसन’ हा शब्द स्वतःला लावून घ्यायला तयार असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

बाबा, तुम्ही दरवर्षी २६ जूनला, शाहू जयंतीला, वर्गात सांगत होता की १९१८ साली शिवाजी युवराज शिकारीतल्या अपघातात गेले, तेव्हा शाहू महाराजांनी कोवळ्या वयातल्या विधवा सुनेला, इंदुमतीराणीसाहेबांना, पडद्याआड बसवून ठेवले नाही; सोनतळीला ठेवून त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. लोक काय म्हणतील याची त्यांनी पर्वा केली नाही, हे वाक्य म्हणताना तुमचा आवाज चढायचा. तो तास मी तुमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसून ऐकला आहे.

आता ज्या गोष्टीने तुम्हाला लागेल असे वाटते, ती लिहिते. मी पुण्याला होते तेव्हा आईने सगळ्यांना मणक्याच्या उपचारांसाठी गेली आहे असे सांगितले. आई, त्यात तुझी माया होती, आणि त्या आडोशामुळेच मला शांतपणे बरे होता आले. त्याबद्दल माझ्या मनात किंचितही किल्मिष नाही. परंतु या कामात मला माझे खरे सांगावे लागेल; वर्गात कदाचित, आणि पुढे समोरच्या बाईला गरज असेल तेव्हा नक्की. नातेवाइकांत मी स्वतःहून विषय काढणार नाही, मामांच्या घरच्या लग्नात तर मुळीच नाही. पण कोणी सरळ विचारले तर मणक्याचे कारण मी देणार नाही. तुम्हीही आता ते देऊ नका. ‘ती आजारी होती, आता बरी आहे आणि शिकते आहे,’ एवढे म्हटले तरी पुरे. सईला तिच्या वयाला झेपेल इतके आम्ही दोघांनी सांगितले आहे. तिने एकच प्रश्न विचारला, की म्हणून मी तेव्हा आजीकडे होते का. हो म्हटल्यावर ती खेळायला गेली.

दुसऱ्यांचे दुःख रोज ऐकून माझे मन पुन्हा तिकडे वळेल, ही तुमची भीती माझीही आहे, म्हणून ती मी उघड्यावर ठेवली आहे. पहिल्या वर्षी क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे अभ्यासक्रमातल्या प्रत्यक्ष कामासाठी, व्यसनमुक्ती केंद्र मागायचे नाही, असे माझ्या समुपदेशक ताईंशी बोलून ठरवले आहे. आठवड्याची सभा आणि पुण्याचा फॉलोअप परीक्षेच्या दिवसांतही चुकणार नाही. झोप बिघडली, जेवण टळू लागले किंवा मी एकटी एकटी राहू लागले, तर महेशने ताईंना परस्पर फोन करायचा, याला मी आधीच मान्यता दिली आहे. तुम्हालाही काही वेगळे जाणवले तर मला स्पष्ट विचारा, मी रागावणार नाही.

गडहिंग्लजला येणे मात्र थोडे कमी होईल, आणि हे लिहिताना हात जड होतो. दर शनिवारी जमणार नाही. एक रविवार सोडून येईन आणि सईला सुट्टीत नेहमीसारखीच पाठवीन. तुमच्या महिन्याच्या गोळ्या मी इथून वारांच्या डब्यात भरून आणीन. सिलिंडरचे बुकिंग महेश करील. स्वयंपाकाच्या मावशींना सकाळबरोबर संध्याकाळीही यायला सांगितले आहे आणि त्यांचे पैसे मी देणार आहे, यावर वाद नको. आई, गुडघे दुखत असताना दोन्ही वेळा भाकऱ्या थापायची हौस आता सोड. अकरावीला मी कोल्हापूरला आले तेव्हा तू पहिले कित्येक महिने एस.टी.तून डबा पाठवायचीस आणि बाबा कंडक्टरला दहा वेळा बजावायचे. झाकण उघडले की मेतकुटाचा वास यायचा आणि मी खोलीतल्या मुलींना पाठ करून आधी थोडे रडायचे, मग जेवायचे. आता मी पुन्हा कॉलेजात चालले आहे, तर एक डबा मेतकूट सईबरोबर पाठव. या वेळी रडणार नाही.

बाबा, हे शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे, ते नीट ऐका. मागच्या वेळी चष्म्याच्या घराखाली मला जी स्ट्रिप दिसली, तिच्यावरचे नाव मला चांगलेच ओळखीचे आहे. मी त्या वेळी बोलले नाही, कारण आई समोर होती आणि आपल्या मुलीने आपल्याला या गोष्टीवरून बोलावे हे तुम्हाला कसे वाटेल, याची मला कल्पना होती. तुम्ही काही वाईट केलेले नाही. रात्री झोप न येणे किती छळते, ते माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? पण तुमच्या वयात ही गोळी शरीरात जास्त वेळ टिकते, तोल जातो, विसरायला होते, आणि रात्री लघवीला उठल्यावर पडून खुब्याचे हाड मोडलेली माणसे आपण पाहिली आहेत. घाबरून ती स्वतःच्या मनाने एकदम बंद मात्र करायची नाही, हे पुन्हा पुन्हा सांगते. जशी घेता तशीच घेत राहा. मी आले की आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊ, ते सांगतील त्या वेगाने हळूहळू कमी करू. तोवर वाटेतला दिवा रात्रभर चालू ठेवा, न्हाणीत रबरी चटई टाका, दुपारची झोप अर्ध्या तासाच्या पुढे नेऊ नका आणि सहानंतरचा चहा बंद. आई, चहा मागितला तरी देऊ नकोस. त्यांच्यावर रागावूही नकोस.

आणि पलीकडच्या काकूंनी मुलाबद्दल परत विषय काढला, तर त्यांना १४४४६ हा क्रमांक लिहून दे. सरकारची व्यसनमुक्तीची मदतवाहिनी आहे, पैसे पडत नाहीत.

सई आणि महेश यांचा नमस्कार.

तुमची,
ताई

ता. क. — बाबा, ती गोळी ज्या चिठ्ठीवर घेतलीत ती चिठ्ठी आणि रक्तदाबाची फाइल टेबलावर काढून ठेवा. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मी येते आहे. डॉक्टर रविवारी नसतात, म्हणून सोमवारची वेळ घेतली आहे आणि मी मुक्कामाला राहणार आहे.