बेदाण्याच्या हिशोबासाठी माणसं जोडून देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही चहा मागवता आणि विषय बदलता. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

सांगलीत राहून वेब डेव्हलपरांची टीम उभी करायची म्हटल्यावर लोक काय काय बोलले, ते मी विसरलेले नाही. एका मोठ्या कॉलेजच्या प्लेसमेंट विभागात मला दुपारभर बाहेर बसवलं आणि शेवटी सांगितलं, 'चांगली पोरं हिंजवडीला जातात, इथे उरलेल्यांना घेऊन काय करणार?' पुण्याच्या एका कंपनीने ॲडव्हान्स घेतला आणि किराणा दुकानाच्या तयार टेम्प्लेटवर बेदाण्याचे फोटो लावून पाठवले. मालातली तूट कुठे भरायची, असं विचारलं तर म्हणाले, तूट कशाला दाखवता? पैसे गेले त्याहीपेक्षा, आमचं काम समजून घ्यायची कुणाला गरजच वाटली नाही, याचा संताप जास्त होता.

काम तसं साधं होतं. चार किलो द्राक्षं वाळवावी तेव्हा किलोभर बेदाणा हातात येतो. पावसाला भीत शेडमध्ये पंधरा-वीस दिवस राखलेला तो माल एकदा कोल्ड स्टोरेजला गेला की बागायतदाराच्या हातात उरते ती एक पावती. लॉट सौद्याला, म्हणजे लिलावाला, कधी निघाला, हिरव्याला काय भाव लागला, पिवळ्याला काय, उधळणीत, म्हणजे सौद्यात माल दाखवताना सांडण्यात, किती गेला, पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, कधी मिळणार, हे सगळं फोन करकरून विचारायचं. २०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण माझ्या वडिलांच्या खिशातली चुरगळलेली पावती काही गेली नाही. हा हिशोब त्यांना मोबाईलवर दिसावा, एवढंच मला हवं होतं.

तुमच्या क्लासवर आले तेव्हा मी पार दमलेले होते. तुम्ही ऐकून घेतलंत, हजेरीच्या वहीतलं एक पान फाडलंत आणि तीन विद्यार्थ्यांबद्दल स्वतःच्या हाताने लिहून दिलंत. ते पान मी जपून ठेवलं आहे. एकाबद्दल लिहिलं होतं: 'लाराव्हेल पक्कं आहे. मुलाखतीत घाबरतो. प्रश्न मराठीत विचारा आणि उत्तराला वेळ द्या.' (लाराव्हेल म्हणजे वेबसाइट बांधायची एक तयार चौकट.)

सर, त्या एका ओळीने सगळं बदललं. मी मराठीत विचारलं आणि गप्प बसले. बराच वेळ तो खाली बघत होता. मग उठला, फळ्यावर लॉट, पेट्या, सौदा, पट्टी असे चौकोन काढले आणि कुठल्या नोंदीला कुठली नोंद जोडायची ते एका दमात सांगितलं. त्याला याआधी बऱ्याच ठिकाणी नकार मिळाला होता, हे नंतर कळलं. दोन मिनिटं थांबायला कुणी तयार नव्हतं, बाकी काही नाही.

त्या तिघांतल्या कवठेमहांकाळच्या मुलीने तर मलाच पहिला प्रश्न केला, 'ताई, शेडवर रेंज असते का?' तिच्या घरची बाग आहे, तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिने नोंद आधी मोबाईलमध्येच साठवायची आणि रेंज आली की सर्व्हरवर पाठवायची, अशी सोय केली. आज आमच्या कामात सगळ्यात जास्त उपयोग त्या सोयीचाच होतो.

तुम्ही कमिशन घेतलं नाहीत. उलट मलाच बजावलंत, 'नमुन्याचं काम करून घ्याल तर त्याचेही पैसे द्या, पोरांना फुकट राबवू नका.' स्वतःचा काही फायदा नसताना दोन्हीकडच्या माणसांचं भलं बघणारे लोक अजून आहेत, म्हणून आमच्यासारख्यांना गावात राहून काही करावंसं वाटतं. विद्यार्थ्याला काय येत नाही हे न लपवताही त्याच्या पाठीशी उभं राहता येतं, हे मी तुमच्याकडे पाहिलं. सर, मनापासून आभार.

आणि एक विनंती. द्राक्षांचा हंगाम येतोय, सर्व्हरचं काम सांभाळायला अजून एक माणूस लागेल. यंदाच्या बॅचमध्ये कुणी असेल तर त्याच्याबद्दलही तसंच एक पान लिहून द्या. पगाराचा आकडा मी आधीच कागदावर लिहून आणते.

तुमची,
बेदाणेवाली ताई