तुझ्या नऊ डब्यांचा हिशेब

कोथरूड, पुणे
१४ डिसेंबर

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

गणपतीत तू ओट्यावर ठेवून गेलेल्या चहाच्या ९ डब्यांपैकी ४ संपले, ३ अर्धे झाले, १ वॉचमनला दिला आणि १ वाया गेला. ३५ वर्षं बँकेत घासलेल्या माणसाचं पत्र हिशेबानंच सुरू व्हायचं.

फोनवर तू दर वेळी विचारायचीस, "बाबा, उघडले का डबे?" आणि मी "घेतो की" म्हणून विषय बदलायचो. दसरा होऊन गेला तरी ते फडताळातच होते. आपल्याकडे चांगली वस्तू घरात आली की ती आधी पाहुण्यांची होते. तुझ्या आत्याने दिलेले ते सहा काचेचे कप आठवतात ना? त्यातून चहा पिण्याच्या लायकीचा पाहुणा अजून यायचाय. तुझ्या डब्यांचंही तेच झालं असतं. पण ऑक्टोबरात एका संध्याकाळी परतीचा पाऊस कोसळत होता, घरातली चहापूड संपली होती आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत छत्री घेऊन जायचा मला कंटाळा आला. मी दार्जिलिंगचा डबा फोडला.

आणि आपला नेहमीचा चहा केला. म्हणजे पाणी, ठेचलेलं आलं, साखर, चहा, मग दूध, आणि तीनदा वर येईपर्यंत उकळणं. रंगच येईना. मी आणखी दोन चमचे टाकले, तरी पातेल्यात धुणं भिजवलेल्या पाण्यासारखं काहीतरी. अजून दोन टाकले. डब्याच्या बुडाशी चिकटवलेली किंमत मी दुसऱ्या दिवशी वाचली आणि आईपासून लपवण्यासाठी नखाने खरवडून काढली. आता तुला सांगतो, कारण चार चमच्यांना किती पडले हे तू मनात काढलंच असशील.

आपली रोजची पूड म्हणजे सीटीसी. पानं यंत्रात चिरडून, फाडून, वळून त्यांच्या बारीक गोळ्या केलेल्या असतात. हे तंत्र १९३०च्या दशकात आसामात निघालं. त्या गोळ्या दुधात उकळा, रंग आणि कडकपणा लगेच सोडतात. आपला अमृततुल्य उभाच त्यांच्यावर आहे. पितळी पातेलं, वेलदोडा, जाड फडक्यातून गाळणं, सगळं खरं, पण आत पूड अशी हवी की तिने दुधापुढे मान टाकू नये. तुझं दार्जिलिंग म्हणजे आख्खं पान, तेही वसंतातल्या पहिल्या तोडणीचं. त्याला दूध-आलं घालून उकळणं म्हणजे गायकाला लग्नाच्या वरातीत उभं करण्यासारखं आहे. हे आता कळतंय. तेव्हा मी ते सगळं बेसिनमध्ये ओतलं आणि छत्री घेऊन पूड आणायला गेलो.

पुढची गोष्ट नीट वाच, कारण पत्र त्यासाठीच लिहितोय.

आईचं हिमोग्लोबिन कमी आलं होतं, हे तुला माहीत आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं की जेवण झाल्या झाल्या चहा नको, तासभर तरी जाऊ द्या. चहातल्या टॅनिनमुळे भाज्या-कडधान्यांतलं लोह अंगी नीट लागत नाही म्हणे. आणि आपल्या घरात तर मी शेवटचा ताक-भात संपवता संपवता "चहा टाक गं" म्हणणारा. तो दीडचा चहा बंद झाला आणि चारवर गेला. चारच्या चहाला मागे कुणाची घाई नसते. भांडी घासून झालेली असतात, पेपर वाचून झालेला असतो. अशाच एका रविवारी चार वाजता आईने फडताळातून तो दार्जिलिंगचा डबा काढला आणि झाकणावर तू चिकटवलेली चिठ्ठी चष्मा लावून वाचली. "पाणी उकळून गॅस बंद. एका कपाला एक चमचा. झाकण. ३ मिनिटं. दूध नाही!!" दोन उद्गारचिन्हं माझ्यासाठी होती, कळलं.

तिने तसंच केलं. झाकण ठेवून घड्याळाकडे बघत उभी राहिली. गाळला तेव्हा कपात फिकट, जरा हिरवट पिवळा चहा. मला वाटलं, आता तोंड वाकडं करेल. ती खुर्चीत बसली, बशी बाजूला सारली, एक घोट घेतला, काही बोलली नाही. दुसरा घेतला. कप रिकामा झाल्यावर उठून त्याच पानांवर पुन्हा पाणी ओतलं. मग म्हणाली, "आज कसं चहा प्यायल्यासारखं वाटलं."

मी विचारलं, "म्हणजे? आपला रोजचा?"

"तो तुमचा," ती म्हणाली.

लग्नाला ३१ वर्षं झाली, मनू. दिवसाला तीन कप धर. किती झाले ते मी त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोजले, चौतीस हजारांच्या आसपास येतात. तेवढे कप तुझ्या आईने माझ्या आवडीचा चहा केला आणि माझ्याबरोबर प्यायला. चिपळूणला तिच्या माहेरी कोराच चहा असायचा. गोठ्यात एकच गाय, दूध लहान मुलांना आणि आल्यागेल्याला. मोठ्यांनी परसातली गवती चहाची पात तोडायची, गुळाचा खडा टाकायचा, झालं. लग्न होऊन पेठेतल्या वाड्यात आली तर तुझ्या आजीचा नियम, बिनदुधाचा चहा आजाऱ्याला देतात. दोन चमचे साखर, साय येईल असं दूध. ती काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही. मी अगदी बापुडवाणा चेहरा केला तेव्हा म्हणाली, "अहो, वाईट नव्हता. गरम असायचा."

गरम असायचा! यावर माणसाने काय बोलावं?

तेव्हापासून आपल्या ओट्यावर दोन पातेली चढतात. सकाळी सहाला माझं दूध-आल्याचं आणि तिचं कोऱ्याचं. सुरुवातीला तिच्या चहालाही आल्याचा वास यायचा, कळेना का. गाळणं एकच होतं! वीस वर्षांचं आलं त्या जाळीत मुरलेलं. मग तुळशीबागेत जाऊन तिने दुसरं गाळणं आणि एक काचेची किटली आणली, किटलीत भाव करून दीडशे रुपये सोडवले आणि त्या पैशांच्या बांगड्या घेतल्या. जमाखर्च बरोबर बसला.

ग्रीन टीच्या डब्यावर तू "८० अंश" लिहून ठेवलंयस. घरात थर्मामीटर एकच, तापाचा. पण हिशेब सोपा आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. तीन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी माठातलं घातलं की ८०च्या जवळपास येतं. तसा केलेला ग्रीन टी कडू होत नाही. याआधी कचेरीत डाएटवाल्या लोकांचा जो ग्रीन टी मी प्यायलो होतो तो बहुतेक सगळा खळखळत्या पाण्यातला होता, म्हणून त्यांचे चेहरे तसे असायचे.

बाकीच्या डब्यांचं थोडक्यात. काहवा आम्ही दिवाळीच्या पाडव्याला केला, केशर-वेलची-दालचिनी आणि वर बदामाचे काप. शेजारचे आप्पा म्हणाले, "बासुंदी पातळ झालीय, पण चव आहे." अर्ल ग्रे मला आवडला. त्यात बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचं तेल असतं. आईला त्याला साबणाचा वास येतो, आप्पांना तर नाव विचारायच्या आधीच आला. कॅमोमाइलमध्ये चहा नाहीच, ती नुसती वाळवलेली फुलं, शेवंतीच्या कुळातली. झोप येते म्हणतात. मला तशीही येते. वॉचमनला दिला तो रेडीमेड मसाला चहाचा. बंगळूरहून पुण्याला मसाला चहा, अगं, काय म्हणायचं तुला? त्याने मात्र आवडीने घेतला.

आणि वाया गेलेला. चूक माझी. जस्मिनचा डबा इतका देखणा होता की त्यात मी सुटे पैसे ठेवायचं ठरवलं आणि चहा प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतून, पिशवीला रबर लावून, मसाल्याच्या कप्प्यात ठेवला. हिंगाच्या डबीशेजारी. आठ दिवसांनी केला तर कपातून फोडणी आली. चहाची पानं आजूबाजूचा वास ओढून घेतात हे मी ऐकून होतो, पण इतकं? गंमत म्हणजे जस्मिन टी करतात तोही याच खोडीवर. चीनमध्ये दिवसा कळ्या तोडतात, रात्री त्या उमलायला लागल्या की चहाच्या पानांत मिसळून ठेवतात, सकाळी फुलं काढून टाकतात आणि पुन्हा ताज्या कळ्या. असं बरेचदा. आणि ते फूल कुठलं, माहीत आहे? आपला मोगरा! आजी उन्हाळ्यात माठात टाकायची तोच. मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मग एवढ्या लांबून कशाला आणायचा? कुंडीत आहे की."

तिचं हे असं असतं. मी फ्लेवर्ड टी म्हटलं की ती विचारते, आपण आजवर काय बिनवासाचा प्यायलो? पावसाळ्यात मंडईतून पुदिन्याच्या जुडीबरोबर गवती चहा यायचाच. थंडीत सुंठ, एरवी वेलदोडा, तुला सर्दी झाली की तुळस. गवती चहा तर नावाचाच चहा, जातीने गवत. तिच्या दोन गोष्टी तिथे तुझ्या उपयोगी पडतील म्हणून लिहितो, कारण मागे फोनवर तू दूध फाटतं म्हणत होतीस. आलं आधी पाण्यात चांगलं उकळू दे, दूध मागून घाल. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक द्रव्य असतं, ते उकळीत मरतं. आणि गूळ घालायचा असेल तर गॅस बंद केल्यावर. हल्ली चौकाचौकांत गुळाच्या चहाच्या पाट्या आहेत, त्यांनाही हे पाळावं लागतं.

नव्या खुळात मलाही एक सापडलं. सोसायटीच्या मागच्या तारेवर गोकर्ण चढलीय, निळी. तिची पाच-सहा फुलं गरम पाण्यात टाकली की पाणी शाईसारखं निळं होतं आणि लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत जांभळं. चव म्हणशील तर जवळजवळ नाहीच. पण आप्पांचा नातू शाळेतून आला की आधी आपल्याकडे येतो, लिंबू स्वतः पिळतो आणि न पिता पळून जातो. आई म्हणते, देवाची फुलं संपवताय.

सकाळी तळजाई टेकडीवरून उतरल्यावर मंडळींबरोबर अमृततुल्यचा कटिंग मात्र चालू आहे. त्यात बदल नाही. परवा मी तिथे दार्जिलिंगविषयी जरा बोलायला लागलो तर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसून दुसरा सांगितला.

तू गुढीपाडव्याला येणार आहेस ना? तोवर पहिल्या तोडणीचा नवा चहा बाजारात यायला लागलेला असेल, लहान डबा आण, मोठा नको. साधा ग्रीन टीही आण, वास नसलेला. मोगऱ्याला शेणखत घातलंय. कळ्या आल्या की तू असतानाच एक रात्र करून बघू, यावेळी हिंगापासून लांब. पत्र आईकडे देतोय, तिला दोन ओळी लिहायच्यात.

तुझा,
बाबा

ता.क. मनू, मी आई. ह्यांनी ३१ वर्षं लिहिलंय, ३३ झाली. बँकेत कसं चाललं देव जाणे. किंमत खरवडली तरी डब्याबरोबरचं बिल माझ्याकडे आहे. आणि ते लिहितात तेवढं काही नाही, सकाळी त्यांच्या पातेल्यातला अर्धा कप मी अजून घेते. कोरा नंतर. गोळ्या चालू आहेत. येताना स्वेटर आण, इथे पहाटे गारठा आहे हे आत्ता लिहितेय खरं, पण तू येशील तेव्हा उकडत असेल. तर नको आणूस.