काका, पाना माझ्याच हातात ठेवलात म्हणून

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "चहा घे की" म्हणता आणि विषय तिथंच संपतो. दोनदा असं झालंय. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तुमची धाकटी तुम्हाला वाचून दाखवेलच.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर काय झालं होतं, ते मी तुम्हाला नीट कधी सांगितलंच नाही. कामासाठी दर सोमवारी मी मोटरसायकलवर बेळगावच्या वडगावातून निघतो, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळीला जातो. त्या दिवशी मागं सामानाची जड पिशवी होती आणि उतारभर पुढचा ब्रेक दाबतच चाललो होतो. एका वळणावर लिव्हर दाबली ती थेट मुठीला येऊन टेकली. ब्रेक लागलाच नाही. मागचा ब्रेक आणि दुसरा गिअर यांच्या जोरावर गाडी कशीबशी कडेला घेतली. हात थरथरत होते. वीस मिनिटं तिथंच बसलो, पुन्हा लिव्हर दाबून बघितली, तर ब्रेक पहिल्यासारखा! मला जास्त भीती त्याचीच वाटली. बंद पडलेली वस्तू आपोआप सुरू झाली, तर बिघाड शोधायचा कुठं?

ज्या गॅरेजात पाच वर्षं सर्व्हिसिंग होत होतं, तिथं त्यांनी पॅड बदलले आणि "आता काय होत नाही" म्हणाले. दर सर्व्हिसिंगच्या कागदावर ब्रेकपुढं बरोबरची खूण असायची. ब्रेक ऑइल मात्र गाडी घेतल्यापासून एकदाही बदललेलं नव्हतं.

रविवारी मी गल्लीत गाडी लावून हँडलवरच्या ऑइलच्या डबीला स्क्रूड्रायव्हर लावत होतो, तेव्हा तुम्ही दूध घेऊन येत होता. "काय करायलास?" म्हणून थांबलात. डबीच्या गोल काचेतून आत बघितलंत आणि म्हणालात, "हे ऑइल न्हवे, कोरा चहा आहे." मग दूध घरात ठेवून तुम्ही स्टूल घेऊन आलात.

उद्यमबागेतल्या कारखान्यात तीस वर्षं हायड्रॉलिकचे सिलिंडर जोडलेला माणूस समोर बसलाय, हे मला नंतर कळलं. तुम्ही त्या दिवशी सांगितलंत, तसं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तेल दबत नाही, म्हणून बोटाचा जोर चाकापर्यंत पोचतो. पण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कणकुंबीच्या पावसात फिरणाऱ्या गाडीला ओलाव्याची काय कमी! नवं डॉट ४, म्हणजे माझ्या गाडीत लागणारं ब्रेक ऑइल, निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ते १५५ अंशांवरही उकळू शकतं. घाटात कॅलिपर, म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग, तापला, आतलं ऑइल उकळलं, वाफ झाली, आणि वाफ दबते. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी, म्हणून ब्रेक परत आला. माझी भीती तिथंच निम्मी झाली काका. बिघाडाला नाव मिळालं होतं.

मला वाटलं होतं, आता तुम्हीच करून द्याल. तुम्ही हात पाठीमागं बांधलेत आणि आठ नंबरचा रिंग पाना माझ्या हातात दिलात.

टाकीवर ओला फडका टाकायला लावलात, कारण हे ऑइल रंग खातं. स्क्रू हलेनात तेव्हा मी जोर लावायला लागलो, तर "फुलीचं तोंड मोडशील" म्हणून स्क्रूड्रायव्हर बसवून त्याच्या मुठीवर आधी दोन हलके टोले मारायला लावलेत. डबीच्या तळाशी काळा गाळ होता. जुनं ऑइल सिरिंजनं ओढून, गाळ पुसून, नवं डॉट ४ भरलं. बाटलीचं सील माझ्याकडूनच फोडून घेतलंत. अर्धी वापरून महिनोन्‌महिने ठेवलेली बाटली वापरायची नाही, हे तुम्ही तीनदा बजावलंत. डॉट ५ हे वेगळं, सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही, हेही.

मग कॅलिपरच्या निपलला, म्हणजे ऑइल बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूला, फिशटँकची पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं. लिव्हर दाब, धरून ठेव, निपल पाव फेरा सोड, बंद कर, मगच लिव्हर सोड. एकदा माझा क्रम चुकला. तुम्ही ओरडला नाहीत. "आधी निपल बंद, मग लिव्हर. उलटं केलंस तर हवा आत ओढतंय," एवढंच. डबीतलं ऑइल खाली जाऊ द्यायचं नाही म्हणून दर चार दाबांनी तुम्ही बोटानं डबी दाखवायचा. नळीतून आधी चहाच्या रंगाचं आलं, मग बुडबुडे, मग हळूहळू पिवळसर स्वच्छ. तो रंग बदलताना बघणं मी विसरणार नाही.

तरी लिव्हर जरा मऊच लागत होती. माझा धीर सुटत आला होता. तुम्ही हँडल वळवून डबी सगळ्यात वर आणलीत, जुन्या ट्यूबच्या पट्टीनं लिव्हर मुठीला आवळून बांधायला लावलीत आणि घरी गेलात. हवा वरच जाणार, तिला रात्रभर वेळ दे, म्हणालात. सकाळी पट्टी सोडली, लिव्हर दाबली, आणि ती अर्ध्यावर येऊन दगडासारखी थांबली. मी लुंगीवरच तुमच्या दारात आलो होतो, आठवतं? तरीही लगेच गाडी काढू दिली नाहीत. डबी भरलीय का, निपल कोरडा आहे का, हे तपासून, आधी गाडी ढकलून ब्रेक दाब, मग गल्लीत सावकाश, मगच रस्ता. घाटात गिअरवर उतर, ब्रेक सारखा धरून ठेवू नको, हेही त्याच दारात सांगितलंत.

तुम्ही स्वतः केलं असतं तर अर्ध्या तासात झालं असतं. माझ्यासाठी तुम्ही अख्खा रविवार दिलात, कंबर दुखत असताना. त्यानंतर दर सोमवारी घाट उतरलो, दोन पावसाळे गेले. गेल्या मे महिन्यात हिला आणि धाकट्याला घेऊन गोव्याला गेलो, तेव्हा त्याच वळणावर थांबून हिला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. परत येताना साखळीत थांबून तुमच्यासाठी काजू घेतले ते तिनंच.

आता दिवाळीला दोन वर्षं पूर्ण होतायत. काच अजून स्वच्छ दिसते, पण तुम्ही सांगितलंय, रंग बघून थांबायचं नाही. सीलबंद बाटली आणून ठेवलीय, नळी नवी घेतलीय. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आठला गाडी गल्लीत लावतो. स्टूल मी आणतो. तुम्ही तसेच हात पाठीमागं बांधून बसा.

तुमचा,
पलीकडच्या घरातला