नोराचा हिशेब

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या ‘अ डॉल्स हाउस’ नाटकाच्या वाचनात नोरा आईकडे आणि तिचा नवरा हेल्मर बाबांकडे आलाय, हे कळलं. संहिता आज पाठवली आहे. अक्षर १८चं घेतलंय आणि पानाच्या एकाच बाजूला छापलंय. पानांना पिन मारू नका, सुटीच ठेवा. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, डावीकडे सरकवायचं. उलटलं की माइकमधून आधी त्याचीच फडफड ऐकू येते.

इब्सेनचं हे नाटक तीन अंकी आहे. सगळं वाचलं तर अडीच तास कुठेच जात नाहीत आणि अंबाजोगाईच्या जानेवारीत रात्री नऊनंतर सभागृहात कोण थांबणार? म्हणून ३६ पानांवर आणलंय. पानाला दोन मिनिटं धरली तर सव्वा तासात आटोपतं. डॉ. रँकच्या आजाराचं बरंच काढलं, मुलांचा लपाछपीचा खेळ काढला. दाई ॲन-मेरीची तीन मिनिटं मात्र कुणी कितीही म्हणालं तरी काढू देऊ नका. स्वतःचं लेकरू परक्यांच्या हाती देऊन ती नोराला वाढवायला आली. नोरा शेवटी मुलं कुणाच्या भरवशावर सोडते, ते तिथेच कळतं. ती तीन मिनिटं गेली की नोरा नुसती निर्दयी दिसते आणि मग चहाच्या वेळी सगळी चर्चा तेवढ्याच एका मुद्द्यावर होते.

वाचणारी माणसं सहा लागतील: नोरा, हेल्मर, नोराची मैत्रीण क्रिस्टीना लिंडे, नोराला कर्ज देणारा क्रोगस्टाड, घरोब्याचे डॉ. रँक, आणि सहावं माणूस दाई, हमाल व रंगसूचनांसाठी.

आई, आता तुझं. नोरा म्हटलं की सगळ्यांना शेवटी घर सोडून जाणारी बाई आठवते आणि मग पहिल्या पानापासून आवाजात बंड आणायचा मोह होतो. तसं वाचू नकोस. ही बाई आठ वर्षं हिशेब करतेय, एवढंच धरून वाच. पडदा उघडतो तेव्हा ती नाताळचं सामान घेऊन घरात येते. हमाल ५० ओर मागतो, ती त्याला एक क्रोन देते आणि बाकीचे ठेव म्हणते. म्हणजे मागितले त्याच्या दुप्पट. थोड्या वेळाने नवरा तिच्या हातावर दहा, वीस, तीस, चाळीस असे मोजून पैसे ठेवतो. ‘उधळी’ म्हणतो, पाखराची नावं देतो, खार म्हणतो. मी तिथे ‘खारुताई’ केलंय. मूळ पाखरू चंडोल आहे, पण आपल्याकडे लाडाने कुणी चंडोल म्हणत नाही, म्हणून ‘चिमणी’. बाबा, हे शब्द खरोखर मायेने वाचा. हेल्मरला खलनायक केला की नाटक पहिल्या अंकातच संपलं.

खरा हिशेब असा. लग्नानंतर हेल्मर मरणाच्या दारात होता, डॉक्टरांनी उबदार देशात न्यायला सांगितलं. नोराने इटलीसाठी ४८०० क्रोनचं कर्ज काढलं. त्या देशात तेव्हा बायकोला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज घेता येत नसे, हे लिंडेबाईच बोलून दाखवते. क्रोगस्टाडने जामीनदार म्हणून नोराच्या वडिलांची सही मागितली. वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून सही तिनेच ठोकली. वडील वारले २९ सप्टेंबरला आणि कर्जखतावर त्यांच्या सहीखाली तारीख पडली २ ऑक्टोबरची. मेलेल्या माणसाने तीन दिवसांनी सही केली! फेरफार आणि वारसनोंदी बघत म्हातारे झालेल्या आपल्या श्रोत्यांना यात काही समजावून सांगायला लागणार नाही. फक्त क्रोगस्टाड वाचणाऱ्याने दोन्ही तारखा सावकाश, सुट्या-सुट्या उच्चारायच्या आणि मध्ये श्वास घ्यायचा. या तारखा घाईत निसटल्या तर पुढे नोरा कशाला घाबरते, तेच कळत नाही.

फेडीचं तर बचत गटातल्या बायकांना आपल्यापेक्षा जास्त कळेल, त्यांना पुढच्या रांगेत बसवा. कपड्यांसाठी मिळालेल्या पैशातून निम्म्याहून जास्त कधी खर्चायचे नाहीत. विणकाम, भरतकाम करायचं. आदल्या हिवाळ्यात तर तिला नकलून देण्याचं काम मिळालं आणि ती दार लावून रात्र-रात्र लिहीत बसली. त्याबद्दल ती म्हणते, दमून जायचे, पण कमावताना जवळजवळ पुरुष असल्यासारखं वाटायचं. आई, हे वाक्य अर्ध्या हसण्यात वाच, भाषण करू नकोस. स्वातंत्र्याची चटक तिला तिथे लागलीय आणि तिचं तिलाही अजून उमगलेलं नाही. लगेच पुढे तिला नवऱ्यासमोर एक शिवी हासडावीशी वाटते. मी ‘गेलं सगळं खड्ड्यात!’ असं केलंय. तू दाबून म्हणशील, मला माहीत आहे. मोकळ्या गळ्याने म्हण.

मॅकरून तसेच ठेवलेत. बदाम, साखर आणि अंड्याच्या पांढऱ्याचा तो खाऊ. दात किडतील म्हणून नवऱ्याने बंदी घातलेली, ती चोरून खाते आणि तोंड पुसून खोटं बोलते. कुणीतरी पेढे करा म्हणेल. करू नका, पेढ्याला आपल्याकडे कुणी बंदी घालत नाही.

आता अहो-जाहोचं. हेल्मर क्रोगस्टाडला बँकेतून काढतो त्याला एक क्षुल्लक कारणही आहे: जुनी ओळख म्हणून क्रोगस्टाड चारचौघांत त्याला एकेरीत हाक मारतो. इंग्रजीत हे पुसट होतं, मराठीत नेमकं बसतं. म्हणून बाकी संहितेत कुणाच्याही तोंडी अरे-तुरे ठेवलेलं नाही, ते क्रोगस्टाडपुरतंच राखलंय. आई, शेवटच्या प्रवेशात तुला ‘तू’ म्हणावंसं वाटेल. म्हणू नकोस. ‘अहो’ ही हाक तेवढी गळू दे, ‘तुम्ही’ राहू दे. ‘तू’ आलं की लोकांना भांडण ऐकू येतं आणि नोरा तिथे भांडतच नाही.

दुसऱ्या अंकात क्रोगस्टाड सहीचं प्रकरण उघड करणारं पत्र हेल्मरच्या पत्रपेटीत टाकतो. नवऱ्याने ती उघडू नये म्हणून नोरा टॅरँटेला हा इटलीतला जलद नाच नाचते. पेटीची किल्ली फक्त त्याच्याकडे. तुझ्या गुडघ्यांनी नाचायचं नाही, आणि वाचनात नाच चांगलाही दिसत नाही. मूळ नाचाला डफलीसारखं वाद्य आहे. हलगी नको, बोलणं बुडवून टाकते. जागरणातली दिमडी घ्या. लय सुरुवातीला संथ, मग चढती. बाबा ‘हळू, हळू’ म्हणतील तसतशी दिमडी जलद व्हायला हवी. वाजवणारा भला माणूस असला तर बाबांचं ऐकून खरंच हळू होतो, म्हणून त्याला आधी बजावून ठेवा.

तिसऱ्या अंकात बाबांचं सगळ्यात अवघड वाक्य दोन शब्दांचं आहे. क्रोगस्टाडने कर्जखत परत पाठवल्याचं पत्र वाचून हेल्मर ओरडतो, ‘मी वाचलो!’ नोरा विचारते, ‘आणि मी?’ मध्ये थांबा घेऊ नका. थांबलात तर लोक हसतात आणि पुढचं गांभीर्य जातं.

मग ती कपडे बदलून येते आणि टेबलापाशी बसवून म्हणते की आठ वर्षांत आपण पहिल्यांदा नीट बोलतोय. ही सहा पानं सपाट वाच, भाजीचा हिशेब सांगावा तशी. रडू आणलंस तर गेलं. ती अंगठी परत देते, त्याची मागून घेते, किल्ल्या ठेवते आणि मदत नाकारते. रात्रीपुरती क्रिस्टीनाकडे, उद्या आपल्या जुन्या गावी, कारण तिथे काम मिळणं सोपं जाईल. इतकं व्यवहारी बोलणं आहे ते.

संघात कुणी म्हणेल, शेवटी तिला थांबवा, आपल्याकडे चालायचं नाही. त्यांना सांगा की हे १८८० मध्ये जर्मनीत झालेलं आहे. तिथल्या नायिकेने सोडून जायला नकार दिला, तेव्हा दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा इब्सेनने स्वतःच मुलांच्या दाराशी कोसळणारी नोरा लिहून दिली आणि त्यालाच तो रानटी अत्याचार म्हणाला. नॉर्वेत विवाहित बाईला कायद्याने सज्ञान धरलं गेलं १८८८ मध्ये, नाटक आल्यावर नऊ वर्षांनी.

शेवटचा दाराचा आवाज खोलीतला नाही, खालून येणारा आहे, रस्त्याकडच्या दाराचा. टेबलावर हात आपटू नका. तुमचं सभागृह पहिल्या मजल्यावर, खाली लोखंडी फाटक आहेच. एका पोराला तिथे उभं करा, मिस कॉल गेला की त्याने ते एकदाच ओढून घ्यायचं. फोन थरथराटावर ठेवायला सांगा. बिजागऱ्यांना आदल्या दिवशी तेल घाला, नाहीतर आधी करकर ऐकू येईल.

तुमची लेक

ता. क. तिसऱ्या अंकात पत्रपेटीच्या कुलपात नोराचा केसांचा मोडका आकडा सापडतो. बाबांच्या हातात तो खरा असू द्या, आईच्या डब्यातला. आधीच मोडून ठेवा, ऐनवेळी मोडत नाही.