पाण्याचा घोट निरखणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

तुमचं पोस्टिंग आता कुठे आहे ठाऊक नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोरच लिहितेय. नाव तुमचं घालत नाही, भावाचंही नाही. वाचलंत तर ओळखालच.

माझा धाकटा भाऊ महिनाभर नुसत्या पेजेवर होता. एचआयव्ही नुकताच कळलेला, सीडी४, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, शंभराच्या आत. घास छातीत अडतो म्हटल्यावर आधीच्या डॉक्टरांनी बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल दिलं. ते बरोबरच होतं, अशा पेशंटच्या अन्ननलिकेत बहुतेकदा बुरशीच असते, हे तुम्हीच नंतर समजावलंत. पण दोन आठवड्यांत काडीचा फरक नाही. दुर्बिणीच्या तपासणीला एका खासगी दवाखान्यात गेलो, तर रिपोर्ट बघून मशीन बंद पडल्याचं सांगितलं. आमच्या मागच्या माणसाला मात्र आत घेतलं. एचआयव्हीमुळे उपचार नाकारायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, हेही आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

मग तुमच्याकडे आलो. तुम्ही रात्री अकराला खाटेशी स्टूल ओढून बसलात. स्टीलच्या पेल्यात पाणी दिलंत. "दादा, एकच घोट, सावकाश." घोट उतरला की ठसका. पुन्हा घोट, पुन्हा ठसका. घरी आम्ही त्याला रागवायचो, घाईने पितोस म्हणून! तुम्ही म्हणालात, "पाणी श्वासनलिकेत जातंय. उद्या सीटी करू."

छातीत सुजलेल्या गाठी निघाल्या, आणि अन्ननलिका नि श्वासनलिकेच्या मध्ये बारीक भोक. दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यात टीबीचे जंतू सापडले. अन्ननलिकेलाही टीबी होतो हे आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. केसपेपरच्या पाठीवर तुम्ही चित्र काढलंत: गाठ सुजते, नळीला चिकटते, आत फुटते. तो कागद जपून ठेवलाय.

मग नाकातून नळी, टीबीची औषधं, दोन आठवड्यांनी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं. टीबीवरच्या रिफाम्पिसिनने एचआयव्हीवरच्या डोल्युटेग्राव्हिरचा जोर कमी होतो म्हणून संध्याकाळची जादा गोळी तुम्ही कागदावर लाल पेनाने गोल करून दिलीत. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होईल, हेही आधीच सांगितलंत. किती घाबरलो असतो!

मॅडम, तुमचे आभार मानायला शब्द तोकडे पडतात. भोक आता बुजलंय. परवा त्याने भाकरी नि ठेचा खाल्ला, वर तांब्याभर पाणी प्यायला. मी तुमच्यासारखीच समोर बसून बघत होते. ठसका लागला नाही.

तुमच्या पेशंटची ताई