खिशातल्या पिस्तुलाची काडतुसं

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या रुगर एलसीपीत, म्हणजे त्या खिशात मावणाऱ्या छोट्या पिस्तुलात, कोणतं काडतूस घालू, असं विचारलंस. दुकानातला सर्वांत महाग डबा उचलू नकोस, एवढं आधी सांगते. मोठ्या पिस्तुलात जे उत्तम चालतं ते .३८० मध्ये (तुझ्या पिस्तुलाच्या काडतुसाचं हे माप) चालेलच असं नाही. अडचण नळीची आहे. तुझी नळी २.७५ इंचांची, म्हणजे जेमतेम सात सेंटिमीटर. ९० ग्रेनच्या गोळीचा वेग कंपनी सेकंदाला १,००० फूट सांगते, तो चार इंची चाचणी-नळीतला असतो. तुझ्या नळीतून ८५० ते ९०० धरून चाल. (९० ग्रेन म्हणजे बरोबर अर्धा तोळा, कारण तोळा १८० ग्रेनांचा. आजीला सांगितलंस तर बाकी काही नाही तरी वजन लगेच कळेल.)

हॉलो पॉइंट गोळीचं तोंड पोकळ असतं, ते आत शिरल्यावर फुलावं अशी रचना असते. फुलायला वेग लागतो, आणि फुलली की ती लवकर थांबते. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर एफबीआयने जी चाचणी बसवली, तिच्यात मांसाच्या जागी ठेवलेल्या १० टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी १२ ते १८ इंच जावी लागते. .३८० ची पंचाईत इथेच होते. गोळी नीट फुलली तर पुष्कळदा १२ इंचांच्या अलीकडेच थांबते. जाड कापडातून जाताना पोकळीत धागे भरले तर फुलतच नाही आणि साध्या गोळीसारखी १८ च्या पलीकडे निघून जाते. म्हणून या मापात गोळी किती खोल जाते ते मी आधी बघते, फुलणं मागाहून. जिलेटिनचे व्हिडिओ बघशील तेव्हा नळी किती इंची होती आणि समोर कापडाचे थर होते का, एवढं तपास. या दोन गोष्टी सांगितल्या नसतील तर तो व्हिडिओ नुसती करमणूक. शिवाय .३८० ला ‘प्लस पी’ (नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस) असं कोणतंही अधिकृत मानक नाही. डब्यावर तसं छापलेलं असेल तर ते कंपनीचं स्वतःचं म्हणणं. एवढ्याशा हलक्या पिस्तुलाला ते नको.

टेक्सासमध्ये निवड इथे संपली असती. तू आता एडिसनला आहेस. न्यूजर्सीत हॉलो पॉइंट घरी ठेवता येतं, नेमबाजीच्या रेंजवर नेता येतं, पण परवाना असला तरी रोज जवळ बाळगता येत नाही. तो चौथ्या श्रेणीचा गुन्हा आहे. पोकळीत पॉलिमर (प्लास्टिकसारखा पदार्थ) भरलेली गोळी राज्य पोलीस हॉलो पॉइंट धरत नाहीत आणि हॉर्नाडी कंपनीच्या ‘क्रिटिकल डिफेन्स’ काडतुसाचं नाव त्यांनीच घेतलेलं आहे. तेव्हा तुझ्यासाठी तेच, ९० ग्रेनचं. भरलेल्या पॉलिमरमुळे कापडाचे धागेही आत अडकत नाहीत. ते तुझ्या पिस्तुलात चाललं नाही, तर चपट्या नाकाची फुल मेटल जॅकेट, म्हणजे धातूच्या आवरणाची, पोकळी नसलेली गोळी घे. ती फुलत नाही, पण खोल जाते आणि बिनतक्रार चढते. फक्त नेमाच्या पलीकडे कोण आहे याचा विचार दुप्पट करावा लागतो. तसं बघितलं तर अमेरिकन घरातली जिप्समची भिंत पुरेशी खोल जाणारी कोणतीच गोळी अडवत नाही.

चाललं म्हणजे काय, तेही सांगते. आधी साध्या ९५ ग्रेनच्या दोनशे गोळ्या झाड, म्हणजे पिस्तूल मोकळं होईल. मग बाळगायच्या काडतुसांच्या किमान ५०, त्याही दोन्ही मॅगझिनमधून. मॅगझिन पूर्ण भरून आणि चेंबरमध्ये (नळीमागच्या, काडतूस बसतं त्या जागेत) एक जास्त ठेवूनही बघ, कारण त्या वेळी स्प्रिंगवर सर्वाधिक दाब असतो. एका हाताने, डाव्यानेही झाड. गोळीचं नाक रॅम्पला, म्हणजे चेंबरकडे चढणाऱ्या उताराला, टेकून थांबलं तर दोष बहुधा काडतुसाच्या आकाराचा किंवा मॅगझिनचा. रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये (पिस्तुलाच्या वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागात) उभी अडकली तर आधी मनगट तपास. हलकं पिस्तूल सैल धरलं की स्लाइड पूर्ण मागे जातच नाही. पन्नासात एकदाही अडकलं आणि कारण सापडलं नाही, तर ते काडतूस बाद. पैसे जातात, माहीत आहे. सात यार्डांवर नेम कुठे लागतो तेही बघून घे, ९० आणि ९५ ग्रेनमध्ये थोडा फरक पडू शकतो.

बाळगताना चूक होते ती अशी: रोज रात्री चेंबर रिकामं करायचं आणि सकाळी तेच काडतूस परत चढवायचं. दर वेळी नाक रॅम्पवर आपटतं आणि गोळी पुंगळीत आत सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. डब्यातलं नवं काडतूस शेजारी उभं करून उंची ताडून बघ. जरा जरी आखूड दिसलं तर ते झाडायचंही नाही, रेंजवरच्या निकामी काडतुसांच्या डब्यात टाक. काडतुसांना तेल लावू नकोस, ते प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणाऱ्या टिकलीत) झिरपतं. खिशात पिस्तूल होल्स्टरमध्येच, चाप पूर्ण झाकलेला, आणि त्या खिशात किल्ल्या, नाणी, रुमाल काही नाही. तरी कपड्यांची लव जमतेच, म्हणून महिन्यातून एकदा काढून फुंकर मार. वर्षाने बाळगलेली काडतुसं रेंजवर झाडून नवी भर.

खरेदी करताना नावांचा घोळ होतो. ‘९ एमएम कुर्झ’, ‘९ एमएम ब्राउनिंग शॉर्ट’, ‘९×१७’ ही सगळी .३८० चीच नावं. ‘९×१९’ आणि ‘९×१८ मकारोव्ह’ वेगळी, ती तुझ्या पिस्तुलाची नव्हेत.

तुझ्या फ्लॅटमध्ये राहायला येणारी मैत्रीण एच-वन-बीवर आहे म्हणालीस. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर त्या व्हिसावर पिस्तूलच काय, काडतूसही जवळ ठेवणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा तिजोरीची किल्ली किंवा आकडा तिच्याकडे नको, आणि टेबलावर सुटं काडतूसही नको.

डिसेंबरात पुण्याला निघताना रेंजवर नेलेली पर्स नेऊ नकोस. नेलीसच तर अस्तर उलटं करून झटक. मुंबई विमानतळावरच्या एक्स-रेत एक जिवंत काडतूस दिसलं तरी १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदतात. नकळत राहिलं होतं हे कोर्टात सिद्ध होईलही, पण विमान तोवर गेलेलं असतं.

तुझी,
आई