दप्तरं पुन्हा बांधू नका

महोदय,

2023 मध्ये मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या निजामकाळच्या दप्तरांवरची धूळ झटकली गेली. कुणबी नोंदींची पानं स्कॅन झाली, हे चांगलंच. पण बाकीच्या पानांवरही कुणाचे तरी पणजोबा आहेत! हैदराबाद संस्थानात 1881 पासून खानेसुमारी (जनगणना) होत होती, मात्र छापील अहवालात नुसते आकडे. माणूस शोधायचा तर जमिनीचं खासरा पत्रक, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, नाहीतर पैठण-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या. (जमिनीच्या कागदांत आजी-पणजी क्वचितच भेटते.) मोडी आणि उर्दू दोन्ही वाचणारे आता थोडे उरलेत. ते आहेत तोवर त्यांना मानधनावर बसवून गावनिहाय सूची करून घ्यावी आणि ती सर्वांना खुली ठेवावी.

– एक वाचक, परभणी